घरातला रेडॉन वायू : तो येतो कुठून आणि घालवायचा कसा

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाले की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "विडी-सिगारेट ओढायचे का?" वॉर्डात काम करत असताना हा प्रश्न आम्ही असंख्य वेळा ऐकला. उत्तर 'हो' असले की सगळे गप्प होत. पण आयुष्यात कधी तंबाखूला हात न लावलेली एखादी बाई खाटेवरून विचारायची, "मग मला कसा झाला, सिस्टर?"

या प्रश्नाला एकच उत्तर नसते. चुलीचा धूर असतो, घरातल्या दुसऱ्याच्या विडीचा धूर असतो, शहराची दूषित हवा असते, काही कामांच्या ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ असते. या यादीतले आणखी एक नाव आपल्या वस्तीत फारसे कुणी ऐकलेले नाही. ते म्हणजे रेडॉन वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, देशादेशांतल्या परिस्थितीनुसार फुप्फुसाच्या कर्करोगाचे ३ ते १४ टक्के रुग्ण या वायूमुळे होतात. अनेक देशांत धूम्रपानानंतरचे हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण मानले जाते.

आपण याची माहिती का घ्यायची? एक म्हणजे, आपली मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंड, अमेरिका, कॅनडात शिकायला जात आहेत आणि पैसे वाचवण्यासाठी तळघरातल्या खोल्या भाड्याने घेत आहेत. दुसरे म्हणजे, महाराष्ट्राच्या काही भागांतली जमीन ग्रॅनाईट जातीच्या जुन्या खडकाची आहे. तिसरे म्हणजे, 'ग्रॅनाईटच्या ओट्याने कॅन्सर होतो' असले निरोप मोबाईलवर फिरतात आणि बायका घाबरतात. खरे किती, खोटे किती, ते या पाठात क्रमाने पाहू.

रेडॉन म्हणजे काय?

जमिनीतल्या माती-खडकात युरेनियम हा धातू अगदी थोड्या प्रमाणात सर्वत्र असतो. युरेनियमचे अणू फार संथपणे फुटत असतात. फुटता फुटता त्यांचे रेडियम बनते आणि रेडियम फुटले की रेडॉन बनतो. युरेनियम आणि रेडियम घन आहेत, ते खडकात जागच्या जागी राहतात. रेडॉन मात्र वायू आहे. तो मातीच्या कणांमधल्या फटींतून वर सरकतो.

त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. त्याचे निम्मे अणू ३.८ दिवसांत फुटून संपतात. म्हणजे जमिनीतून घरात यायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. थोरियमपासून बनणारा त्याचा भाऊबंद म्हणजे थोरॉन. त्याचे निम्मे अणू ५५ सेकंदांतच संपतात, म्हणून तो फार लांब जात नाही.

रेडॉन बेकरेल या एककात मोजतात. एक घनमीटर हवेत दर सेकंदाला एक अणू फुटत असेल तर ते एक बेकरेल. मोकळ्या हवेत साधारण ५ ते १५ बेकरेल रेडॉन सगळीकडे असतोच. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मोकळ्यावर वारा त्याला विरवून टाकतो. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा तो चार भिंतींच्या आत कोंडला जातो.

घरात शिरतो कसा?

घर जमिनीतली हवा ओढून घेते, ही गोष्ट पटकन पटत नाही. पण चुलीचे धुराडे आठवा. गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. थंड देशांत हिवाळाभर घर आतून तापवलेले असते, दारे-खिडक्या बंद असतात. गरम हवा वरच्या मजल्यातून, छपराच्या फटींतून बाहेर जाते आणि घराच्या खालच्या भागात किंचित ओढ तयार होते. मग मातीतली हवा घरात खेचली जाते. तिच्याबरोबर रेडॉनही येतो. म्हणून त्याची पातळी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात, दिवसापेक्षा रात्री आणि वरच्या मजल्यापेक्षा तळघरात जास्त असते.

त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत : तळच्या काँक्रीटला गेलेल्या भेगा, भिंत आणि जमीन जिथे मिळते तो सांधा, नळाचे आणि सांडपाण्याचे पाईप जिथून आत येतात ती भोके, तळघरातले पाणी जमा होण्याचे खड्डे, पोकळ विटांच्या भिंती. नुसत्या मातीची जमीन असेल तर वाट सगळीकडूनच मोकळी असते.

आणखी दोन मार्ग आहेत. पहिला पाण्याचा. ग्रॅनाईटच्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात रेडॉन विरघळलेला असू शकतो. ते पाणी तापवले, शिंपडले, अंघोळीला वापरले की वायू हवेत येतो. धरण-नदीच्या पाण्यात तो नगण्य असतो. दुसरा मार्ग बांधकाम साहित्याचा. स्वीडनमध्ये युरेनियम असलेल्या एका दगडापासून हलक्या काँक्रीटचे ठोकळे बनवत आणि त्यांची घरे बांधत. लोक त्याला निळे काँक्रीट म्हणत. त्याचे उत्पादन १९७५ मध्ये थांबवावे लागले. पण हे अपवाद आहेत. बहुतेक घरांत रेडॉनचा मोठा वाटा पायाखालच्या मातीतून येतो.

शरीरात काय करतो?

श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांश उच्छ्वासातून बाहेर पडतो. नुकसान करतात ते त्याच्यापासून बनणारे पोलोनियमसारखे घन पदार्थ. ते धुळीच्या आणि धुराच्या कणांना चिकटतात, श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तिथेच फुटतात. त्यातून अल्फा कण बाहेर पडतात. हे कण शरीरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही जात नाहीत. कातडीवर पडले तर वरच्या मृत थरातच अडकतात. पण श्वासनलिकेच्या आत असा मृत थर नसतो. तिथल्या जिवंत पेशींच्या गुणसूत्रांना इजा होते. वर्षानुवर्षे हे चालले तर एखाद्या पेशीत कर्करोगाची सुरुवात होऊ शकते.

आता आकडे पाहू, म्हणजे भीती आणि बेफिकिरी दोन्ही टळतील. युरोपातल्या ९ देशांमधल्या १३ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००५ मध्ये एक मोठा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरातला रेडॉन दर १०० बेकरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. कधीच धूम्रपान न करणाऱ्यांत, ७५ वर्षांच्या वयापर्यंत, रेडॉन नसेल तर हजारात सुमारे ४ जणांना हा रोग होतो. घरात १०० बेकरेल असेल तर ५ जणांना आणि ४०० बेकरेल असेल तर ७ जणांना होतो. सिगारेट ओढणाऱ्यांत हेच आकडे हजारात सुमारे १००, १२० आणि १६० असे आहेत.

हे आकडे दोनदा वाचा. त्यातून दोन गोष्टी कळतात. न ओढणाऱ्याचा धोका थोडा असला तरी तो खरा आहे. आणि धूर व रेडॉन एकत्र आले की एकमेकांना बळ देतात. ज्या घरात रेडॉन आहे आणि विडीही आहे, तिथे पहिला उपाय विडी सोडण्याचा.

खाणीपासून घरापर्यंत

हे ज्ञान आपल्याला फुकट मिळालेले नाही. ते खाणकामगारांच्या फुप्फुसांतून मिळाले आहे. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात श्नीबर्ग नावाच्या गावी चांदी आणि इतर धातूंच्या खाणी होत्या. तिथले कामगार तरुणपणी छातीच्या रोगाने मरत. त्या डोंगरभागातल्या अशा मृत्यूंविषयी सोळाव्या शतकातच लिहून ठेवलेले आहे. लोक त्याला नुसते 'डोंगराचा आजार' म्हणत. १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी तो फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे दाखवले. खाणीतला रेडॉन त्याला कारण आहे, हे कळायला त्यानंतरही कित्येक वर्षे लागली.

कळल्यावर तरी काय झाले? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला अण्वस्त्रांसाठी युरेनियम हवे होते. नैऋत्य अमेरिकेतल्या खाणींत नावाहो या आदिवासी समाजाचे हजारो पुरुष कामाला लागले. खाणीत हवा खेळती ठेवण्याची नीट सोय नव्हती. सरकारी आरोग्य विभागाने १९५० पासून या कामगारांच्या तपासण्या सुरू केल्या, पण धोका किती आहे हे ज्यांची तपासणी होत होती त्यांनाच स्पष्ट सांगितले गेले नाही. कामगार घरी येत ते खाणीची धूळ अंगावर घेऊन. काही कुटुंबांनी खाणीजवळचे टाकाऊ दगड आणून घरे बांधली. तो दगड कसला आहे, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये. तोपर्यंत कितीतरी बायका विधवा झाल्या होत्या.

कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड जंक्शन शहरात तर युरेनियम काढून उरलेली वाळू बांधकामाला भरणी म्हणून वाटली गेली. हजारो घरांखाली ती गेली. पुढे १९७०च्या दशकात सरकारी खर्चाने ती उकरून काढण्याचे काम सुरू करावे लागले.

माहिती कुणाकडे तरी होती, पण जो श्वास घेत होता त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही. आरोग्याच्या कामात ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. रेडॉनचा हा पाठ आम्ही लिहितो आहोत त्याचे खरे कारण हेच आहे.

एका अभियंत्याचे घर

साध्या राहत्या घरातही हा धोका असू शकतो, याकडे जगाचे लक्ष गेले ते १९८४ च्या डिसेंबरमध्ये. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक अणुवीज केंद्राची उभारणी संपत आली होती. तिथे स्टॅनली वॉट्रस नावाचा अभियंता काम करत होता. कामावरून जाताना अंगावर किरणोत्सर्ग लागला आहे का, हे तपासणारे यंत्र दाराशी होते. वॉट्रस त्यातून गेला की यंत्र ओरडायचे. केंद्रातली वीजनिर्मिती तर अजून सुरूही झाली नव्हती. मग त्याने एके दिवशी सकाळी कामावर आल्याबरोबर, आत न जाता, थेट त्या यंत्रात पाऊल टाकले. यंत्र तेव्हाही ओरडले. म्हणजे किरणोत्सर्ग तो कामावरून घरी नेत नव्हता, घरून कामावर आणत होता.

घराची तपासणी झाली. हवेत घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल रेडॉन निघाला. अमेरिकेची आजची उपाययोजनेची पातळी १४८ बेकरेल आहे. म्हणजे त्या घरात तिच्या पावणेसातशे पट होता. कुटुंबाला घर सोडावे लागले. ते घर युरेनियम असलेल्या खडकाच्या पट्ट्यावर उभे होते. पण त्याच परिसरातल्या शेजारच्या घरात मात्र पातळी साधारण होती. खडकातली भेग कुठून जाते, पाया कसा घातला आहे, फटी किती आहेत, यावर सगळे ठरते. शेजाऱ्याच्या घराचे माप आपल्या घराला लागू पडत नाही, हा धडा तिथून मिळाला.

दुसरा धडा त्याहून मोलाचा. काही महिन्यांत त्या घराची दुरुस्ती झाली, रेडॉन खाली आला आणि कुटुंब पुन्हा तिथे राहायला गेले. इतक्या भयंकर आकड्याचे घरसुद्धा दुरुस्त होऊ शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे की त्या देशात दरवर्षी सुमारे २१ हजार माणसे रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने मरतात आणि त्यांतल्या सुमारे २,९०० जणांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. दुरुस्ती होऊ शकते असे घर असताना हे मृत्यू होतात, याचे एक मोठे कारण म्हणजे मोजणीच झालेली नसते.

मोजायचा कसा?

डॉक्टरांकडे जाऊन कळणार नाही. रोजच्या वापरातली अशी रक्ततपासणी नाही, जी सांगेल की तुमच्या घरात रेडॉन आहे. घरालाच तपासावे लागते. साधने तीन प्रकारची आहेत.

पहिले, कोळशाची डबी. आतला विशेष कोळसा हवेतला रेडॉन शोषतो. २ ते ७ दिवस ठेवून ती बंद करून प्रयोगशाळेत पाठवतात. दुसरे, आत प्लास्टिकची फिल्म असलेली छोटी डबी. अल्फा कण फिल्मवर ओरखडे पाडतात, प्रयोगशाळेत ते मोजतात. ही ३ महिने ते वर्षभर ठेवतात. रेडॉन दिवसागणिक, ऋतूगणिक कमी-जास्त होत असल्याने दीर्घ मुदतीचे माप अधिक भरवशाचे. तिसरे, घरात ठेवायचा विजेवर किंवा सेलवर चालणारा मीटर. तो रोजचा आकडा दाखवतो, पण एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. काही आठवड्यांची सरासरी पाहावी.

डबी ठेवताना एवढे पाळावे :

• घरात राहण्यासाठी वापरतो त्या सर्वांत खालच्या मजल्यावर, झोपायच्या किंवा बसायच्या खोलीत ठेवावी. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळावे.

• जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खिडकी-दारापासून आणि पंख्याच्या झोतापासून दूर ठेवावी.

• थोड्या दिवसांची तपासणी असेल तर आधी १२ तास आणि तपासणीच्या काळात दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. ये-जा करायला हरकत नाही.

आकडा आल्यावर तो कशाशी ताडायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकरेल ही मर्यादा सुचवली आणि ज्या देशांना ते जमणार नाही त्यांनी ३०० च्या वर जाऊ देऊ नये असे म्हटले. अमेरिका १४८ बेकरेलला उपाय करायला सांगते. तिथले अहवाल पिकोक्युरी या एककात असतात. १ पिकोक्युरी म्हणजे ३७ बेकरेल, त्यामुळे अहवालात ४ आकडा दिसला की तो १४८ बेकरेल समजावा. इंग्लंड आणि कॅनडा २०० बेकरेलला उपाय सांगतात.

घालवायचा कसा?

खिडक्या उघडल्या की रेडॉन कमी होतो. पण बंद केल्या की साधारण १२ तासांत तो पुन्हा जमतो. आपल्या हवेत बारा महिने खिडकी उघडी ठेवता येते, बर्फाच्या देशात ठेवता येत नाही. म्हणून तिथे कायमचा उपाय वेगळा करतात.

चुलीला जसे धुराडे, तसे जमिनीला धुराडे बसवायचे. तळच्या काँक्रीटला एक भोक पाडून त्याखालच्या खडीपर्यंत तीन-चार इंची पाईप उतरवतात. तो पाईप सरळ छपराच्या वर नेतात आणि मध्ये एक छोटा पंखा बसवतात. पंखा रात्रंदिवस चालू राहतो. मातीतली हवा घरात शिरण्याआधीच पाईपमधून वर जाऊन मोकळ्यावर विरते. त्याबरोबर भेगा आणि पाईपांभोवतीच्या फटी बुजवतात. ही रचना नीट बसवली तर रेडॉन ५० ते ९९ टक्क्यांपर्यंत कमी होतो.

नुसत्या फटी बुजवून भागत नाही. एक बुजवली तर वायू दुसरी शोधतो. आणि बंद खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा एकटा लावला तर कधी उलटे होते, तो जमिनीतली हवा अधिक ओढतो. बाहेरची हवा आत येण्याची वाट असली तरच असा पंखा उपयोगी.

पाईपवर रंगीत पाणी भरलेली इंग्रजी 'यू' आकाराची नळी लावलेली असते. दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीत दिसले की पंखा बंद पडला असे समजावे. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणी करावी आणि पुढे दर दोन वर्षांनी करत राहावी.

नवे घर बांधताना हे काम आणखी स्वस्तात होते. पायावर खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, मग काँक्रीट आणि खडीतून छपरापर्यंत एक पाईप, एवढे केले की झाले. पुढे गरज वाटली तर त्याच पाईपला पंखा जोडता येतो.

तळघरात राहणाऱ्या मुलांसाठी

परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांकडे घर विकत घेण्याचे पैसे नसतात. भाडे कमी म्हणून तीन-चार जण मिळून तळघर घेतात. रेडॉन सर्वांत जास्त जिथे असतो तिथेच ती झोपतात आणि थंडीत अभ्यासही तिथेच करतात. एक-दोन वर्षांच्या मुक्कामाने लगेच कर्करोग होत नाही, हे आधी सांगून ठेवतो. हा धोका वर्षांच्या हिशेबाने साचतो. पण शिक्षणानंतर नोकरी, मग त्याच भागात पुन्हा स्वस्त तळघर, असे दहा वर्षे सहज जातात.

त्यांना एवढे सांगा. खोली घेताना घरमालकाला विचारावे, 'रेडॉनची तपासणी झाली आहे का? आकडा किती?' असा प्रश्न तिकडे विचित्र समजला जात नाही. तपासणीची डबी दुकानात मिळते. काही ठिकाणी स्थानिक आरोग्य खाते किंवा वाचनालय कमी दरात किंवा मोफत देते. चौघांनी मिळून एक घ्यावी. आकडा जास्त आला तर मालकाला लेखी कळवावे. पाया फोडून पाईप बसवणे हे मालकाचे काम आहे, भाडेकरूने ते करायचे नसते. तोपर्यंत शक्य तेवढी खिडकी उघडावी, झोपायला वरची खोली मिळत असेल तर घ्यावी. आणि सिगारेट सोडावी, घरात कुणालाही ओढू देऊ नये.

आपल्याकडे काय परिस्थिती?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात युरेनियम ग्रॅनाईटपेक्षा बरेच कमी असते. त्यात आपली घरे हवेशीर, बहुतेकांना तळघर नाही. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेशातल्या सामान्य घरात रेडॉनची भीती घेऊन बसण्याचे कारण नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा काही भाग आणि दक्षिणेला सिंधुदुर्ग इथे मात्र ग्रॅनाईट जातीचे जुने खडक आहेत. बंगळुरूकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पायाखालीही तसाच खडक आहे. तिथे खोल बोअरचे पाणी आणि बंद खोल्या या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. बोअरचे पाणी थेट न वापरता टाकीत एक-दोन दिवस ठेवावे. पाणी तापवताना आणि अंघोळीच्या वेळी झरोका उघडा असावा.

भाभा अणुसंशोधन केंद्राने भारतीय घरांतल्या मोजणीसाठी छोट्या डब्या विकसित केल्या आहेत आणि विद्यापीठांचे भौतिकशास्त्र विभाग अशा मोजण्या करतात. आपल्या वस्तीत विज्ञानाचा विद्यार्थी असेल तर प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे.

बदल एका बाजूने येतो आहे, तो ध्यानात ठेवावा. एसीसाठी खिडक्या घट्ट बंद होत आहेत, तळमजल्याखाली गाळे आणि गोदामे निघत आहेत. तिथे चौकीदार, शिपाई, शिलाई कामगार दिवसभर बसतात. अशा जागी हवा खेळती ठेवण्याचा आग्रह धरायला रेडॉनचा आकडा हाती असण्याची गरज नाही. धूळ, दमटपणा, क्षयरोग, सगळ्यांवर तोच उपाय आहे.

नेहमीच्या शंका

ग्रॅनाईटचा ओटा काढून टाकावा का? नाही. ग्रॅनाईटमध्ये किंचित युरेनियम असते, पण ओट्यातून सुटणारा रेडॉन जमिनीतून येणाऱ्या रेडॉनपुढे अगदी थोडा असतो. ओट्यापाशी खिडकी उघडी हवी ती मुख्यतः फोडणीच्या धुरासाठी.

तोंडाला रुमाल बांधून किंवा घरात झाडे ठेवून रेडॉन थांबतो का? नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

घरात चूल पेटते, तर आधी कशाचे बघावे? चुलीचे. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत चुलीचा धूर आणि तंबाखू हे रेडॉनपेक्षा कितीतरी मोठे शत्रू आहेत.

खोकला बरा होत नाही, काय करावे? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्यावा. क्षयरोगाचे औषध चालू आहे पण बेडक्यात जंतू सापडलेले नाहीत आणि तब्येतही सुधारत नाही, थुंकीतून रक्त पडते, वजन घटते, आवाज बसलेला राहतो, अशा वेळी डॉक्टरांना फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल स्पष्ट विचारावे. आपल्याकडे कितीतरी रुग्णांचे मोलाचे महिने नुसत्या क्षयाच्या औषधात जातात. 'बाई विडी ओढत नाही, म्हणजे कॅन्सर नसणार' हे गृहीत कुणी धरू नये, घरच्यांनीही नाही.

महिला मंडळात आणि अभ्यास वर्गात चर्चेसाठी

१. आपल्या गावाखालचा खडक कोणता? भूगोलाच्या शिक्षकांकडून माहिती घ्या.

२. आपल्या वस्तीत बंद, खिडकी नसलेल्या खोल्या किती? त्यांत दिवसाचे आठ तासांहून अधिक कोण काढते?

३. परदेशात असलेल्या आपल्या मुलांपैकी किती जण तळघरात राहतात? त्यांना हा लेख आज कोण पाठवणार?

४. नावाहो कामगारांना धोका सांगितला गेला नाही. आपल्या परिसरातल्या कोणत्या कामात आजही असे घडते?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे आम्हाला लिहून पाठवा. पुढचा पाठ त्यांवर घेऊ.